रंगूबाई आणि पार्टी

१

शुक्रवारी आमच्या गल्लीतले माग बंद असतात, म्हणून रंगूची रेकॉर्ड मी शुक्रवारीच लावायचो. त्या शुक्रवारी दिवाबत्ती झाल्यावर तिच्या फोटोखालचं कव्हर काढलं, रेकॉर्ड चढवली, सुई ठेवली. रंगूच्या आवाजाऐवजी बँडवाल्यांचा क्लॅरिनेट वाजला.

मला वाटलं बाजू चुकली. उलटी केली. तिकडेही क्लॅरिनेट.

माझी मुलगी निशा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, हे काय लावलंय?"

"तुझी आई नाही यात," मी म्हणालो. 

रंगू माझी बायको. दिवाळीच्या आधी गेली. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणते, आणि भिवंडीपासून काल्हेरपर्यंत रंगूच्या धवल्याशिवाय हळद लागत नसे. आमच्या तरुणपणी मुंबईच्या एका लहान कंपनीनं तिला बोलावून तिचे धवले रेकॉर्ड केले. नमुन्याच्या म्हणून थोड्या रेकॉर्ड हातात दिल्या आणि कंपनी बंद पडली. त्यातली शेवटची माझ्याकडे होती. लेबलवर छापलं होतं, 'रंगूबाई आणि पार्टी'. तिची एक कॅसेट मी भरून ठेवली होती, ती दोन हजार पाचच्या जुलैच्या पुरात गेली. खालच्या फळ्यांवरच्या माझ्या अर्ध्या रेकॉर्डही त्याच पाण्यात गेल्या. ही वर होती म्हणून वाचली.

निशाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. दवाखान्यात रंगूनं माझा हात धरून सांगितलं होतं, "पोरीच्या हळदीला दुसरी कोन आनू नका. माजीच रेकॉर्ड लावा." मी हो म्हटलं होतं. तिला मी आयुष्यात फार काही देऊ शकलो नाही, एवढा शब्द तेवढा दिला होता.

मी स्वतः रेकॉर्डवाला. डीजे हा शब्द इकडे यायच्या आधीपासून मी दोन प्लेअर शेजारी ठेवून एकातून दुसऱ्यात गाणं सरकवत आलो. मांडवात नाचणाऱ्यांचा पाय कधी मोडू दिला नाही. चोर बाजारातून, भंगारातून, पारशांच्या मोकळ्या केलेल्या घरांतून रेकॉर्ड आणल्या, रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या. रंगू म्हणायची, पोरीला आंघोळ घालायला बापाला वेळ नाही आणि तबकड्यांना रोज.

माझ्या प्रत्येक रेकॉर्डच्या लेबलवर मी खाकी कागद चिकटवलेला आहे. आमच्या धंद्यातली जुनी सवय. हळदीत एखादं गाणं रंगलं की दुसऱ्या गावचा वाजवणारा वाकून नाव वाचायचा, आणि पुढच्या लग्नसराईला तेच त्याच्याकडे. कागद लावला की कुणाला काही वाचता येत नाही. मी कव्हरवरून ओळखतो. कव्हर तेच ठेवून आत दुसरी रेकॉर्ड सरकवली, तर सुई ठेवेपर्यंत मलाही कळणार नाही.

चोरानं तेच केलं होतं.

मी सगळी खोली खाली काढली. प्रत्येक कव्हरात हात घातला. एक कव्हर रिकामं सापडलं, ते बँडच्या रेकॉर्डचं. रंगू कुठेच नव्हती.

"बाबा, जेवा," निशा म्हणाली.

"कोणी नेली?"

"आधी जेवा."

"कोणी नेली ते सांग, मग जेवतो."

२

सकाळी उन्हात ती क्लॅरिनेटची रेकॉर्ड धरली तेव्हा पहिली गोष्ट दिसली. खोबण्यांवर आडवे, मधोमध, अंगठ्याचे ठसे. तेलकट. आणि त्यात पांढरं पीठ बसलेलं. बोटावर घेऊन जिभेला लावलं. उडदाचं.

मंगळवारी आमच्याकडे लग्नाचे पापड झाले होते.

मंगळवारी घरात कोण कोण होतं ते मी निशाला विचारून घेतलं. माझी थोरली बहीण आक्का आणि आळीतल्या बायका. निजामपुऱ्याहून कमळ आली होती, रंगूच्या मागून धवला झेलणारी, म्हणजे तिची ओळ मागून म्हणणारी. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गळ्याला पंचा गुंडाळून ती पापड वाळत घालत होती. बाहेरच्यांपैकी दोघे आले होते. अनंता, जो जुन्या रेकॉर्ड विकतो. आणि मितेश, जो हळदीला डीजे वाजवतो. दोघांच्याही हातावर आक्कानं उडदाच्या लाट्या ठेवल्या होत्या, तेलात बुडवून. म्हणजे दोघांचेही हात तेलकट.

बायकांना रेकॉर्डचं काय, असं मी तेव्हा धरून चाललो.

पोलिसांत गेलो नाही. तबकडीची फिर्याद कोण लिहून घेईल?

आधी अनंताकडे गेलो. त्याचा गाळा गोदामांच्या रांगेत आहे. रंगूची रेकॉर्ड त्यानं माझ्याकडे कितीदा मागितली होती. मी जाऊन सरळ विचारलं. तो रागावला नाही, हसला. ते मला जास्त लागलं.

"पंढरीशेठ, मी चोरली असती तर कव्हर तुमच्याकडे ठेवून आलो असतो का?"

"म्हणजे?"

"कव्हराशिवाय रेकॉर्ड म्हणजे नंबरप्लेटशिवाय गाडी. आमच्या लाईनमध्ये कुणी हात लावत नाही. मी असतो तर आधी कव्हर उचललं असतं, मग रेकॉर्ड. आणि जाताना तुमचा तो क्लॅरिनेटही नेला असता." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पाणी प्या. रात्री झोपलात का?"

त्याचं म्हणणं खरं होतं. विकणारा माणूस कव्हर सोडत नाही.

मितेश उरला. मितेश माझ्याच हाताखाली शिकला. आता त्याच्याकडे माणसाच्या उंचीचे बॉक्स आहेत, लॅपटॉप आहे, टेम्पोवर त्याचं नाव आहे. तो वायरी गुंडाळत होता.

"काका, तुमच्या रेकॉर्डचं मी काय करू? भाकरी थापू तिच्यावर?"

"तू मागितली होतीस. लॅपटॉपमध्ये घेतो म्हणाला होतास."

"हो, आणि तुम्ही काय म्हणालात? तुझ्या डब्यात माझी बायको घालणार नाही. सगळ्यांसमोर. पोरं अजून चिडवतात मला."

"खरं सांग, मितेश. मी पाया पडतो तुझ्या."

त्याचं हसू गेलं. "काका, काय बोलताय! वज्रेश्वरीची शपथ. मी तुमच्या घरातून रेकॉर्ड नेली नाही. आईशपथ नाही."

घरी येताना मला पटलं की तो खरं बोलतोय, आणि शपथेमुळे नाही. मितेशला शिकवताना सुरुवातीचे कित्येक दिवस मी त्याला रेकॉर्ड दिली नव्हती, जेवणाची थाळी दिली होती. कडांना तळवे लावून धर, मधे बोट लावलंस तर कानाखाली. आजही तो घरी पोळीचं ताट तसंच धरतो, त्याची आई हसते. निशाही तशीच धरते. अनंता तर धरतोच. खोबणीत अंगठा दाबणारा हात आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. ज्यानं नेली त्यानं जन्मात कधी रेकॉर्ड धरली नव्हती.

मग त्याला ती कशाला हवी होती?

घरी आलो तर ओट्यावर कमळ बसली होती. तिला कळलं होतं. ऑपरेशननंतर तिच्या घशातून नुसती हवा येते, जवळ कान न्यावा लागतो.

"मिलंल, पंढरीदादा," ती म्हणाली. "जाते कुठं?"

मी तिच्यासमोर रडलो. ती पायाकडे बघत राहिली.

३

पुढचे दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. भंगारवाल्यांची पोती उपसली. आळीतल्या एका म्हाताऱ्यावर उगाच ओरडलो. निशाच्या सासरची माणसं याद्या करायला आली, मी आतून बाहेर आलो नाही. आक्का म्हणाली, "पोरीचं लगीन हाय का तुजं मयत? तोंड धू." धुतलं आणि परत येऊन रिकाम्या कव्हरासमोर बसलो. रंगूचा चेहरा मला फोटोत बघता येत होता. आवाज आठवायला गेलो की आठवत नव्हता. ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. मला वाटलं, वैशाखापर्यंत तो साफ जाईल आणि मग ती खरी गेली.

काल्हेरला आक्काच्या दिराच्या नातवाची हळद होती. निशानं जबरदस्तीनं नेलं. दिवस मावळत होता. मांडव अजून लांब होता, आम्ही रिक्षातून उतरलो, आणि खाडीकडून वाऱ्यावर गाणं आलं.

धवला होता. बाईचा आवाज. वर ढोल, खाली बॉक्सची धप छातीत लागत होती.

"रंगू," मी म्हणालो आणि पळत सुटलो.

नाचणाऱ्यांत घुसलो. कुणाच्या तरी हातातला ग्लास सांडला. समोर मितेश, कानाला हेडफोन, मान हलवतोय. मी हात घालून त्याचं मशीन बंद केलं.

सगळी हळद थांबली. नवरा मुलगा हात वर करून तसाच उभा राहिला.

"ओ काका! डोकं फिरलं का?"

"कुठून आणलीस?"

"काय?"

"माझी बायको वाजवतोयस तू, कुठून आणलीस?"

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला पाजली कुनी?" लोक हसले. मितेश हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

"सीडी मिळाली," तो म्हणाला. "कल्याणच्या बाजारात."

"घे वज्रेश्वरीची शपथ. कल्याणला मिळाली म्हण."

तो वायरींकडे बघायला लागला. त्या दिवशी न मागता शपथ घेणारा मुलगा आज मागूनही घेईना. मशीनमधली सीडी काढून त्यानं माझ्या हातात ठेवली. "घ्या. घेऊन जा. पण माझा धंदा करू द्या, काका."

मी सीडी छातीशी धरली. निशा माझ्या मागे उभी होती. मी म्हणालो, "मिळाली. तुझी आई मिळाली."

निशानं माझा दंड धरला आणि बाजूला नेलं. ती रडत होती.

"बाबा, ही आई नाही."

४

घरी येऊन सीडी लावली. निशा माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"ऐका. आई ओळ उचलायची तेव्हा श्वास ऐकू यायचा नाही. आधीच भरलेला असायचा. मागची ओळ घेताना कमळमावशीला दम लागायचा, ती आधी श्वास ओढायची. मी दोघींच्या मधे बसायचे ना लहानपणी. आता ऐका."

मी ऐकलं. आधी श्वास, मग ओळ. पुन्हा श्वास, पुन्हा ओळ. मितेशनं एकच ओळ फिरवत ठेवली होती. रंगूचा शब्द फक्त सुरुवातीला होता, जेमतेम, आणि तिथेच कापलेला.

एवढी वर्षं एकत्र म्हणून दोघींचा आवाज एकसारखा झाला होता, आणि मला तर रंगूच ऐकायची होती. मी कमळला रंगू समजून काल्हेरची हळद मोडून आलो होतो.

पण रेकॉर्ड तीच होती. तोच धवला, तीच खरखर. मग विचार केला. कुणीही गाणं कापताना पुढची बाई घेईल. मागून झेलणारीची ओळ कोण उचलेल? सगळा पसारा सोडून नेमकी ती?

सीडी मी पुन्हा मोठ्या बॉक्सवर लावली, आणि आता धप नीट ऐकली. काल्हेरला मी ती मितेशच्या ढोलाची समजलो होतो. पण ढोल उशिरा सुरू होत होता. त्याच्या आधी, रंगूच्या कापलेल्या शब्दाखालीसुद्धा, धप होतीच. धप, धप, धप, आणि मधेच एक ठोका मागे राहायचा, लंगडणाऱ्या माणसाच्या पायासारखा.

निशानं मितेशला फोन लावला. मी घेतला.

"सुरुवातीला खाली काय वाजवलंयस?"

"काही नाही, काका. सुरुवात कोरी ठेवलीय."

"धप कसली आहे?"

"कसली धप?"

त्याला ती ऐकूच आली नव्हती. हेडफोनवर आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर इतका खालचा आवाज कळत नाही. दुसरं म्हणजे भिवंडीत जन्मलेल्या माणसाला माग ऐकू येत नाही. चालू असला तर तो आहे हे कळत नाही, बंद पडला तर मान वर होते. ती धप मागाची होती. माग जमीन हलवतो, जमीन प्लेअर हलवते, सुई ते सगळं उचलते आणि गाण्यात मिसळते. म्हणून माझा प्लेअर मी छतापासून सायकलच्या ट्यूबांवर टांगलेल्या फळीवर ठेवतो. माझ्या खोलीत भरलेल्या गाण्यात माग येत नाही.

म्हणजे रेकॉर्ड माझ्या घरातून निघाल्यावर मागाच्या जागी जमिनीवर ठेवून वाजवली होती. पापडाच्या दिवशी आलेल्यांत, कधी रेकॉर्ड न धरलेल्यांत, मागाच्या डोक्यावर राहणारं एकच माणूस होतं. आणि त्याच माणसाची ओळ सीडीवर फिरत होती.

निशानंही ते ओळखलं होतं. "बाबा, तिच्यावर ओरडू नका," ती म्हणाली. "तिला उलटून ओरडता येत नाही."

५

निजामपुऱ्यात कमळची खोली मागांच्या शेडवर आहे. सकाळची पाळी चालू होती. मी जिन्याच्या आधी शेडच्या दारात उभा राहिलो, चपला काढल्या आणि पाय फरशीवर टेकले. सगळे माग एकत्र चालले की नुसता गोंगाट असतो. पण पाय ठेवून उभं राहिलं की वेगळं वेगळं कळायला लागतं. दाराजवळचा माग मधेच एक ठोका मागे टाकत होता.

मागावरचा कारागीर माझ्या अनवाण्या पायांकडे बघत होता. "क्या हुआ, चाचा? दरगाह समझ के आए क्या?"

"ये कबसे ऐसा चलता है?"

"लंगड़ी? बहुत दिन से. सेठ बनवाता नहीं. बोलता है कपड़ा तो निकल रहा है ना."

वर गेलो. दार उघडंच होतं. कमळ जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर भंगारातून आणलेला पेटीचा जुना प्लेअर, झाकण मोडलेलं, आणि त्याच्यावर रंगू फिरत होती. खालच्या मागांमुळे मला गाणं ऐकू येत नव्हतं. कमळ कान पार प्लेअरला लावून बसली होती.

तिनं मला बघितलं. उठली नाही. हात रेकॉर्डच्या वर पसरले, कोंबडी पिलांवर पसरते तसे.

मी काय काय बोललो ते मला आठवतं पण लिहीत नाही. खाली माग नसते तर गल्ली गोळा झाली असती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मला जवळ बोलावलं. मी वाकलो नाही. तिनं माझा सदरा ओढला आणि कान तोंडाजवळ घेतला.

"तुज्याकडं तिचा फोटू हाय," ती म्हणाली. एका दमात तिला दोन-तीनच शब्द येत होते. "लुगडी हायत. पोरगी हाय, तिच्या तोंडाची. माज्याकडं माजं काय हाय?"

"मागायचं होतंस."

"देली असती?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"रंगू मेली तवा तिचा आवाज गेला. माजा मी जिती असताना गेला." तिनं प्लेअर थांबवला, रेकॉर्डच्या मधल्या खाकी कागदावर बोट ठेवलं. तिनं तो नखानं सोलला होता. खालचं छापलेलं नाव दिसत होतं. तिनं ते कुणाकडून वाचून घेतलं होतं कोण जाणे, पण तिला ते माहीत होतं. 'रंगूबाई' वरून बोट पुढे नेऊन तिनं शेवटच्या शब्दावर ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली. "पार्टी."

मग तिनं उरलेलं सांगितलं. पापडाच्या दिवशी पंच्यात गुंडाळून नेली. वाजवायला येईना, म्हणून मितेशला बोलावलं. रेकॉर्ड सापडली, दादानंच मला दिलीय, निशाच्या हळदीला गंमत करायचीय, कुणाला सांगू नकोस, असं त्याला पटवलं. सीडीत घालून दे, माझ्या ओळीपासून घे. त्यानं ह्याच प्लेअरला वायर लावून घ्यायला सुरुवात केली, आणि लाईट गेली. तेवढा तुकडाच भरला गेला. त्याला दुसरीकडे बॉक्स न्यायचे होते, तो गेला. लोकांना नाचायला चालतंय का बघायला त्यानं तुकडा काल्हेरला लावला, आणि तिथे मी जाऊन उभा राहिलो.

"तवापासून रोज लावते," कमळ म्हणाली. "लाईट असली की लावते."

ते ऐकल्यावर मी रेकॉर्डला हात घातला. तिनं मनगट पकडलं. "नेत नाही," मी म्हणालो, "खिडकीशी बघू दे." तिनं सोडलं नाही. आम्ही दोघं रेकॉर्ड धरून खिडकीशी गेलो, दोघांचे चार हात तिला.

उजेडात तिरकी केली. काळी रेकॉर्ड तिरकी केली की चकाकते. ही चकाकली नाही. खोबण्या राखेसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. प्लेअरची सुई काढून नखावर घासली. तिचं टोक गेलेलं होतं, मोडक्या खिळ्यासारखं. सुईच्या दांडीला वजन वाढवायला कुणीतरी तार बांधली होती. कमळ गाणं ऐकत होती तेव्हा तो खिळा तिला आणि रंगूला रोज खरवडत होता.

मी तिला सांगितलं. जोरात सांगावं लागलं, माग चालू होते. "अजून थोडे दिवस लावलीस तर काही राहणार नाही. रंगू नाही, तूपण नाही!"

तिला ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. ती किंचाळली असावी. आवाज आला नाही.

६

मी रेकॉर्ड आणली नाही. हिसकावून आणता आली असती. कमळ माझ्या अर्ध्या वजनाची आहे. जिन्यावरून परत वर जायला दोनदा वळलो, पण गेलो नाही.

अनंताला जाऊन सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच हसण्यासारखं काही बोलला नाही. म्हणाला, "एक आहे. वेगळ्या टोकाची सुई मिळते, बारीक. खोबणीत जुनी सुई जिथपर्यंत पोचली नाही तिथं ती खाली उतरते. तिथं आवाज शिल्लक असू शकतो. असेलच असं नाही. एकदाच लावायची, आणि त्याच वेळी उतरवून घ्यायची." मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला त्यानं निरोप धाडला. दुकानदारानं पुढे कुणाला तरी सांगितलं आहे.

मितेश घरी येऊन पाया पडला. उतरवून घ्यायला तो लॅपटॉप घेऊन येणार आहे. मी हो म्हटलं. काल्हेरवाल्यांची माफी मागायला आक्का स्वतः गेली होती, परत येऊन म्हणाली, "तिकडं समदे इचारतात, ती गानारी बाई कोन? तुज्या भावाला वाटली ती नाय, तर कोन?"

मी कमळकडे पुन्हा गेलो. तिनं प्लेअर भंगारवाल्याला परत दिला होता. रेकॉर्ड तिच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली आहे, किल्ली गळ्यात, पंच्याखाली. मी सुईचं समजावून सांगितलं. तिनं कान जवळ घ्यायला लावला.

"सुई आली का मीच घेऊन येन. तुज्या हातात देनार न्हाय."

"नको देऊस. तूच प्लेअरवर ठेव. कडेला धरून."

"शिकव," ती म्हणाली.

तिच्या घरातली थाळी घेऊन मी तिला शिकवलं.  थाळी दोनदा पडली. मग जमलं.

हळदीला धवला कोणाचा, ते निशाला मी अजून नक्की सांगू शकलेलो नाही. तिच्या सासरकडच्यांनी कोन गावाहून एक धवलारीण सुचवली आहे, तरुण आहे, बरी म्हणते असं ऐकलं. आक्का म्हणते तिला सांगून टाक. मी सांगितलेलं नाही. नको असंही सांगितलेलं नाही.

उद्या निशाची हळद आहे. आज संध्याकाळपर्यंत सुई आलेली नाही. रेकॉर्ड उतरवून घ्यायची राहिली आहे.